पाणी आणि गॅसची मानकं: फिटरांच्या संघटनेचं त्यात काम काय?

अक्कलकोट रोडला दुकान असलेल्या एका तरुण फिटरने विचारलं आहे: "सोलापुरात नळाचं आणि गॅसचं फिटिंग करणारे आम्ही पस्तीसेक जण मिळून संघटना नोंदवायचं म्हणतोय. पण मानकं तर सरकार ठरवतं. पाइपचं आयएस काय, शेगडीचं आयएस काय, सगळं दिल्लीहून छापून येतं. मग आमच्यासारख्यांच्या संघटनेला त्यात काम काय? का नुसते दर ठरवायचे आणि वर्षातून एकदा जेवण करायचं?"

दर ठरवायला तर संघटना काढूच नका. का, ते पुढे सांगतो. मानकांचं म्हणाल, तर ३१ वर्षं पाना हातात धरून आणि त्यातली बारा-तेरा वर्षं संघटनेच्या कामात घालवून माझं मत पक्कं झालं आहे: फिटरांची संघटना नसली तर मानक कारखान्याच्या गेटपर्यंत पोचतं आणि तिथेच थांबतं. पाइपवर शिक्का असतो, पण तो पाइप भिंतीत कसा बसला, गटारावरून गेला की गटारातून, जोड सुकायच्या आत पाणी सोडलं का, हे बघणारं कुणी नसतं. आणि माणूस आजारी पडतो किंवा स्वयंपाकघर पेटतं ते बहुतेक वेळा जोडापाशी. नुसत्या पाइपामुळे असं क्वचितच होतं.

आधी मानक लिहिलं कसं जातं ते बघा, कारण "सरकार ठरवतं" हे अर्धंच खरं आहे. १९४७ साली भारतीय मानक संस्था झाली, १९८७ मध्ये तिचा भारतीय मानक ब्युरो झाला, आणि आजचं काम चालतं ते २०१६ च्या कायद्यावर. ब्युरोचे साहेब एकटे बसून मानक लिहीत नाहीत. त्यासाठी विषयवार समित्या असतात. प्लास्टिकच्या पाइपांची समिती आहे, तिला सीईडी ५० म्हणतात. अशा समितीत कारखानदार आणि त्यांच्या संघटना, सरकारी खाती, प्रयोगशाळा, ग्राहकांच्या संस्था, संशोधक असे सगळे बसतात. मसुदा तयार झाला की तो सगळ्यांसाठी खुला करतात, साधारण ६० दिवस. त्या मुदतीत तुम्ही, मी, कुणीही हरकत किंवा सूचना पाठवू शकतो. पुढे दर पाच वर्षांनी त्या मानकाचा फेरविचार होतो. मानकं आता ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. एके काळी एका मानकाच्या प्रतीसाठी आम्ही तिघांनी पैसे जमवले होते.

त्या समितीत कारखानदार न चुकता असतो, कारण त्याचा धंदाच त्यावर उभा आहे. प्रयोगशाळा असते, खातं असतं. नसतो तो बसवणारा. त्याचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, तो दिल्लीला कधी जाणार? म्हणून त्याच्या वतीने बोलणारी संघटना लागते. देशपातळीवर हे काम काही प्रमाणात होतं. इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन १९६८ पासून आहे, तिच्यात पाणीपुरवठ्याचे अभियंते आहेत. इंडियन प्लंबिंग असोसिएशन १९९३ ची. तिने आयएपीएमओ या प्लंबिंगच्या अमेरिकेतल्या संस्थेबरोबर २००८ मध्ये भारतासाठी प्लंबिंगची संहिता काढली. ती कायदा नाही, पण कुठल्या फिक्स्चरला किती व्यासाचा पाइप, व्हेंट कुठे, पाण्याच्या लाइनला सांडपाण्यापासून कसं जपायचं, हे सगळं एका जागी मिळतं. शिवाय २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता आहे, तिचा नववा भाग प्लंबिंगचा. ही सगळी मोठी कामं आहेत. पण त्यात साखर पेठेतल्या बोळाचा अनुभव आपोआप उतरत नाही. तो इथून कुणीतरी लिहून पाठवावा लागतो.

लिहून पाठवणं म्हणजे काय, ते एका गोष्टीवरून सांगतो.

सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाचा, जोड तुम्ही रोज करता. पाइप कापायचा, कड घासायची, सॉल्व्हंट म्हणजे चिकटवायचा द्राव लावायचा, एल्बोत घालून पाव फेरा द्यायचा आणि धरून ठेवायचं. पुस्तकातल्या तापमानाला हे बरोबर चालतं. आता हेच मे महिन्यात जुळे सोलापूरच्या गच्चीवर दुपारी दोन वाजता करून बघा. पारा ४२-४३ वर, पाइप उन्हात पडून हाताला चटका बसेल असा तापलेला. ब्रश फिरवून पाइप एल्बोपर्यंत नेईतो सॉल्व्हंटवर दुधासारखी साय धरलेली असते. पाइप आत जातो, पण तळाला टेकत नाही. पाव फेरा निम्माच बसतो. वरून जोड अगदी देखणा दिसतो. आठ दिवसांनी टाकी भरली की तिथून बारीक झिरपायला लागतं, आणि घरमालक म्हणतो, पाइप डुप्लिकेट होता. पाइप चांगला असतो, दुकानदार खरा असतो. चुकलेली असते वेळ आणि पाइपाचं तापमान. मी स्वतः असे जोड उघडून बघितले आहेत. आत साय सुरकुतलेली स्पष्ट दिसते.

या अनुभवावर दोन प्रकारचं पत्र जाऊ शकतं. पहिलं: "सोलापूरसारख्या उष्ण भागातील परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा, ही नम्र विनंती." असं पत्र आम्ही एकदा खरंच पाठवलं होतं, छान लेटरहेडवर, सगळ्यांच्या सह्यांनिशी, तेही मुदत उलटून गेल्यावर. त्याचं काही झालं नाही, आणि दोष आमचाच होता. समितीने त्यातून घ्यावं असं त्यात काही नव्हतंच. दुसरं पत्र ब्युरोच्या ठरलेल्या तक्त्यात असतं: कलम कोणतं, सूचना तांत्रिक की भाषेची, अडचण काय, आणि त्या कलमात कोणते शब्द बदलून कोणते घालावेत. त्यात लिहायचं की अमुक तापमानाच्या वर पाइप आणि फिटिंग जोडायच्या आधी सावलीत ठेवून थंड करावं, उष्ण हवामानात सॉल्व्हंट लावल्यापासून पाइप घालेपर्यंतची कमाल वेळ डब्यावर छापावी. सोबत कापून उभे चिरलेले जोडाचे फोटो, प्रत्येकाखाली दिवस, वेळ, तापमान. असं पत्र समितीला बाजूला सारता येत नाही. आलेल्या प्रत्येक सूचनेवर चर्चा होऊन निर्णय नोंदवावा लागतो.

म्हणून संघटनेचं पहिलं काम वही ठेवणं. सभासदाने साइटवर काही बिघाड बघितला की वहीत नोंद: काय, कुठे, कोणत्या तारखेला, कशामुळे. एकट्या फिटरचा अनुभव म्हणजे गप्पा. पस्तीस जणांच्या दोन वर्षांच्या नोंदी म्हणजे पुरावा. ब्युरो आता "मानक मंथन" नावाच्या बैठका घेते, नव्या मसुद्यांवर संबंधितांशी बोलायला. त्यात वही घेऊन जाणारा माणूस वेगळा दिसतो.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या संघटनेची सगळ्यात जास्त गरज तिथे आहे.

गॅसवर लक्ष ठेवणारे बरेच आहेत. पाण्याचं तसं नाही. उजनीहून शंभरेक किलोमीटर पाणी आणायचं, शुद्ध करायचं, टाक्यांत चढवायचं, मुख्य लाइनीत सोडायचं, इथपर्यंत महापालिकेचे अभियंते आहेत, प्रयोगशाळा आहे, आयएस १०५०० हे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. फेरूलच्या पुढे, म्हणजे मुख्य लाइनीवरून तुमच्या घराकडे नळजोड फुटतो तिथून पुढे, कुणी नाही. घरातली लाइन, हौद, मोटर, गच्चीवरची टाकी हे सगळं प्लंबरच्या भरवशावर. महापालिका कायद्यात प्लंबरला परवाना आहे, पण परवानाधारक सही करतो आणि काम बिगारी करतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

त्यात आपलं पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याचा दिवस आला की गल्लीतल्या प्रत्येक घरात टिल्लू मोटर थेट नळावर लागते. लाइनीत दाब नाही आणि दहा मोटरी ओढतायत. तेव्हा पाइपात काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी बघितलं आणि मग कधीही नळावर थेट मोटर बसवली नाही. साखर पेठेत एका वाड्यात तक्रार होती की पाणी सुटलं की पहिली पाच-दहा मिनिटं वास येतो. खणत खणत गेलो तर त्यांचा जुना जीआय पाइप उघड्या गटाराच्या तळातून गेलेला, आणि गंजून त्याला दाभणाने टोचल्यासारखी तीन भोकं पडलेली. पाणी सुटायच्या वेळेला मी तिथेच बसलो होतो. आधी भोकांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या बाहेर उडाल्या. मग शेजारच्याने मोटर चालू केली. चिळकांड्या थांबल्या, आणि त्याच भोकांवर गटारातल्या पाण्याचे छोटे भोवरे फिरायला लागले. गटार आत जात होतं. वाड्यातली म्हातारी आजी माझ्या मागे उभी राहून ते बघत होती. ती काही बोलली नाही, आत गेली आणि भरलेली कळशी मोरीत ओतून आली.

मानकांत याचं उत्तर आहेच. पाण्याची आणि सांडपाण्याची लाइन अंतर ठेवून टाकायची, ओलांडायची वेळ आली तर पाण्याची वरून न्यायची, मुख्य लाइनीतून थेट पंपाने ओढायचं नाही, पाणी आधी स्वतःच्या दाबाने हौदात पडू द्यायचं आणि हौदातून मोटरने चढवायचं, हौदात पडणाऱ्या नळाचं तोंड भरलेल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचं. पण हे कुणी सांगायचं? महापालिका मोटर जप्त करते तेव्हा लोक चिडतात. ओळखीचा प्लंबर घरी येऊन म्हणाला, "काका, मोटर नळावर नाही लावत मी, चला हौद करू," तर लोक ऐकतात. पण तो एकटा म्हणाला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. पस्तीस जण एकाच सुरात म्हणाले तर गिऱ्हाइकाला जायला दुसरा उरत नाही. मानक प्रत्यक्षात लागू होतं ते असं, आणि हे सरकारला जमत नाही, संघटनेलाच जमतं. याला खर्च शून्य आहे. लागतो तो एकमेकांवरचा विश्वास, की मी नाही म्हटलेलं काम शेजारच्या दुकानदाराने संध्याकाळी जाऊन करायचं नाही.

अजून एक साधं काम. आयएस १०५०० प्रमाणे नळाच्या शेवटच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळा क्लोरीन असायला हवा. ओटी टेस्टचं किट स्वस्त असतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. नवीन लाइन जोडून दिली की मालकासमोर ही टेस्ट करून दाखवायची सवय सगळ्या सभासदांना लावा. मुख्य नळाला पिवळं आणि गच्चीच्या टाकीखालच्या नळाला पांढरं आलं, तर लोक स्वतःहून म्हणतात, टाकी धुऊन द्या.

याच मानकातली आणखी एक गोष्ट लोकांना समजावून सांगणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिच्यावरून सोलापुरात रोज फसवणूक होते. त्यात दोन रकाने आहेत. एक स्वीकार्य मर्यादा, दुसरी दुसरा स्रोतच नसेल तर चालणारी मर्यादा. विरघळलेल्या क्षारांसाठी, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात त्यासाठी, पहिला आकडा ५०० आणि दुसरा २०००. एकूण कठीणपणासाठी २०० आणि ६००. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, हे काही नवीन नाही. आरओ विकणारा येतो, मीटर बुडवतो, ७०० दाखवतो आणि म्हणतो, हे विष आहे. दुसऱ्या रकान्याचं तो बोलत नाही, आणि मीटर जंतू दाखवत नाही हेही सांगत नाही. ३०० टीडीएसचं पाणी गटार मिसळलेलं असू शकतं आणि ९०० चं निर्मळ असू शकतं. हे संघटनेच्या तोंडून, मोफत, पेठेपेठेत सांगितलं गेलं पाहिजे. आणि आपल्यातलेच काही आरओ विकतात म्हणून गप्प बसायचं नाही.

बाटलीबंद पाण्याचंही थोडक्यात सांगतो, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर आहे. २००१ पासून बाटलीबंद पाण्याला आयएसआय शिक्का सक्तीचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ही सक्ती काढली, आणि पुढच्याच महिन्यात ते पाणी जास्त जोखमीच्या अन्नात घालून तपासणी कडक केली. म्हणजे सक्ती येते आणि जाते. धंद्याने स्वतः दर्जा धरलेला नसेल तर सक्ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तो खाली येतो. कार्यालयांतून आणि लग्नांतून फिरणारे २० लिटरचे गार पाण्याचे जार तर बहुतेक कुठल्याच शिक्क्याखाली येत नाहीत. तिथे मला तरी उत्पादकांच्या संघटनेशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही.

आता गॅस. इथे नियम करणारे भरपूर आहेत. सिलिंडर आणि साठ्याचं बघणारी पेसो, तिचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात. तेल उद्योगाचं सुरक्षा संचालनालय १९८६ पासून. पाइप गॅससाठी २००६ च्या कायद्याने आलेलं नियामक मंडळ आणि त्याचे २००८ चे तांत्रिक नियम. शेगडी, रेग्युलेटर, रबरी नळी, गॅस गीझर, प्रत्येकाला स्वतंत्र आयएस. इतकं असल्यावर संघटनेने नवे नियम सुचवत बसण्यापेक्षा असलेले नियम फिटरच्या हातापर्यंत पोचवणं हे मोठं काम आहे.

उदाहरण घ्या. हॉटेलवाला म्हणतो, गॅस बँकेत आठ सिलिंडर लावा. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे एका जागी १०० किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. १९ किलोचे पाच म्हणजे ९५. सहावा आला की ११४, आणि तुम्ही परवान्याच्या कक्षेत गेलात. रिकामे समजून बाजूला ठेवलेलेही त्या जागेतच असतात. हा हिशोब किती फिटरना माहीत आहे? आपल्या गावात तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी बोलणारे फिटर आहेत. पद्मशाली घरातली कितीतरी पोरं लूम बंद पडल्यावर या कामात आली. त्यांना इंग्रजीतलं मानक देऊन काय उपयोग? एका पानावर, त्यांच्या भाषेत, चित्रासकट दिलं तर ते खिशात राहतं.

पाइप गॅस जिथे येतो तिथे तर जुनी सवयच उलटी करावी लागते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणून हवेची जाळी खाली लागते. पाइपातून येतो तो नैसर्गिक गॅस हलका, छताशी जमतो, म्हणून जाळी वर. घरगुती एलपीजी रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारवर, पाइप गॅस २१ वर. शेगडीचे जेटही बदलावे लागतात, कारण नैसर्गिक गॅसला भोक मोठं लागतं. एलपीजीची शेगडी जेट न बदलता पाइप गॅसला लावली तर मंद जळते, आणि पाइप गॅसची शेगडी सिलिंडरला लावली तर ज्योत भडकते. तीस वर्षं सिलिंडर जोडलेल्या माणसाला हे कुणीतरी समोर बसवून, शेगडी उघडून दाखवायला हवं. एका दिवसाचं काम आहे.

गॅसबाबत एक परदेशातली गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती, नवीकोरी. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या एका बाईने चहासाठी काडी ओढली आणि स्फोट झाला. इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. इमारतीच्या बांधणीत मोठे दोष निघाले, पण गॅस गळला होता तो शेगडी जोडणाऱ्या एका पितळी नटापाशी. नट दर्जाला न उतरणारा होता. एक नट! त्यानंतर १९७० मध्ये तिथल्या गॅस उद्योगाने फिटरांची नोंदणी करणारी कॉर्गी ही संस्था काढली. आधी ती स्वेच्छेची होती, नोंदवायचं तर नोंदवा. एकवीस वर्षांनी, १९९१ मध्ये, कायद्याने ती सक्तीची झाली, आणि २००९ पासून तिच्या जागी गॅस सेफ नोंदवही आली. धंद्यातल्या लोकांनी आधी स्वतःला शिस्त लावली, कायदा मागून आला. आपल्याकडे असं होऊ शकतं का? मला मनापासून वाटतं, होऊ शकतं, आणि त्यासाठी सोलापुराएवढं शहर अगदी योग्य आहे. मुंबईत कुणी कुणाला ओळखत नाही. इथे कुठलं काम कुणी केलं ते नट बघून सांगता येतं.

जर्मनीत तर हे फार जुनं आहे. गॅस आणि पाणी या दोन्हींची मिळून त्यांची डीव्हीजीडब्ल्यू ही तांत्रिक संघटना १८५९ पासून आहे. तिथला ऊर्जा कायदा म्हणतो, गॅसची यंत्रणा या संघटनेच्या नियमांप्रमाणे असेल तर ती तांत्रिकदृष्ट्या योग्य धरली जाईल. आणि पाणीपुरवठा कंपनीच्या यादीत ज्याचं नाव आहे त्याच कारागिराने लाइनीला हात लावायचा. आपल्या महापालिकेची परवाना यादी ही त्याचीच लहान बहीण आहे, फक्त तिच्यात जीव ओतायचा राहिला आहे. संघटनेने परवान्यासाठी पाठवायच्या माणसाची आधी स्वतः हातकामाची परीक्षा घेतली, तर ती यादी लोक उघडून बघतील.

आता संघटना कशी बिघडते, हे न सांगता थांबलो तर तुम्हाला अर्धवट उत्तर दिल्यासारखं होईल.

अमेरिकेत शिसं बनवणाऱ्या कंपन्यांची १९२८ साली संघटना झाली. शिशाचे पाइप विषारी आहेत हे डॉक्टर सांगत असताना तिने गावोगावच्या प्लंबरना आणि पालिकांना पटवून प्लंबिंगच्या नियमांत शिशाचे पाइप टिकवले. तिथे नव्या शिशाच्या पाइपांवर बंदी यायला १९८६ उजाडलं, आणि जुने पाइप अजून जमिनीतून काढतायत. ही संघटनाही मानकांचंच काम करत होती, आणि मन लावून करत होती! आपल्याकडे पीव्हीसी पाइपात शिशाचं स्टॅबिलायझर वापरायचे, त्यावर नियम यायला २०२१ उजाडलं. म्हणून तुमच्या घटनेत पहिल्याच पानावर लिहा की कुठल्याही पाइप, शेगडी किंवा आरओ कंपनीच्या पैशाने संघटनेचा कार्यक्रम होणार नाही. छत्री, टी-शर्ट, जेवण, काहीही नाही. कंपनीचा माणूस शिकवायला आला तर चहा आपण पाजायचा.

दरांचं आता सांगतो. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ३ व्यावसायिकांच्या संघटनांनाही लागू आहे. "एका पॉइंटचे इतके, याच्या खाली कुणी काम घ्यायचं नाही" असा ठराव केलात तर ती दर ठरवणारी साखळी, म्हणजे कार्टेल, धरली जाते, आणि दंड संघटनेलाच नाही, पदाधिकाऱ्यांनाही होतो. देशात अशा संघटनांवर कारवाया झाल्या आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, दर ठरवणाऱ्या संघटनेचं दर्जाबद्दल बोलणं कुणी मनावर घेत नाही. थेट मोटर बसवणार नाही, बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावणार नाही, असे सुरक्षिततेचे ठराव करा. ते वेगळे, त्यात दर येत नाही.

गीझरवरून आठवलं. आमच्या संघटनेने हा ठराव केला तेव्हा पहिल्या थंडीत आमच्यातल्या चौघांची कामं गेली. न्हाणीघराला खिडकी नाही, गीझर बाहेर लावायला जागा नाही, आणि मालक म्हणतो, शेजारी तर लावलाय. अशा बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आंघोळ करता करता खाली बसतो आणि उठत नाही. ते चौघं बैठकीत नाराज होते. त्यातले दोघं आजही म्हणतात की तेव्हा संघटनेने नुकसानभरपाई द्यायला हवी होती. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. शिस्तीची झळ बसणाऱ्यांसाठी निधी आधीच बाजूला काढायला हवा होता. तुम्ही तो काढा.

सगळ्यात अवघड प्रसंग आला तो आमच्याच सभासदाचा. त्याने एका बंगल्याला वापरलेल्या पाइपांवरचा आयएसआय शिक्का खोटा निघाला. शिक्क्याखाली सीएम/एल नंबर असतो, तो ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कारखान्याचं नाव आणि कुठल्या मालाचा परवाना ते येतं. टाकला, तर परवाना दुसऱ्याच मालाचा. तीन बैठका नुसती भांडणं झाली. कुणी म्हणालं, बाहेर बोलू नका, धंद्याची अब्रू जाते. शेवटी ठरलं ते असं: मालकाला सगळं खरं सांगायचं, पाइप सभासदाने त्याच्या खर्चाने आणायचे, आणि बदलायची मजुरी आम्ही सहा जणांनी फुकट द्यायची. दोन रविवार गेले. पुढे त्या मालकाने आमच्याकडे किती कामं पाठवली याचा हिशोब मी ठेवला नाही, पण त्या दोन रविवारांनंतर बैठकीत नंबर तपासण्यावरून वाद झाला नाही.

आता सुरुवात कशी करायची ते. नोंदणी, शिक्का, लेटरहेड हे सगळं नंतर करा. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने गेल्या वर्षात बदललेला एक तुकडा आणायला सांगा: तडकलेला एल्बो, खडूसारखा क्षार धरलेली गीझरची कॉइल, उंदराने कुरतडलेली रबरी नळी, आटे गेलेलं युनियन. प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा: कुठून निघाला, किती वर्षं टिकला, कशाने गेला. सतरंजीवर सगळे मांडा आणि एकसारखे एका बाजूला करत जा. ज्या ढिगात सगळ्यात जास्त तुकडे पडतील, त्या वस्तूचं मानक उतरवून घ्या आणि दुसऱ्या बैठकीत एकाने ते मोठ्याने वाचा, दुसऱ्याने तेलुगूत सांगा, तिसऱ्याने कन्नडमध्ये. दोन तासांत दोन पानंच होतील, होऊ द्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला अजून अवधी असेल तर तिसऱ्या बैठकीपर्यंत दहा जणांची तुकडी तयार करा. होम मैदानावर खाण्याचे स्टॉल लागले की साबणाच्या फेसाची बादली आणि ब्रश घेऊन संध्याकाळी एक फेरी मारायची, प्रत्येक रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर फेस लावायचा. बुडबुडा आला की क्लिप आवळायची, नळी खराब असेल तर बदलून द्यायची. नळ्या किती न्याव्या लागतील हे कळवा, माझ्याकडे गोदामात आयएसआयच्या पडून आहेत, त्या मी देतो.